भिंतीबाहेरचं पाणी

छावणीच्या पंपघरावर एकोणीस वर्षं एकच बाई कामाला होती. आतले शिपाई तिला ताई म्हणत आणि भिंतीबाहेरच्या चार गल्ल्यांत ती पाणीवाली वहिनी म्हणून ओळखली जाई. आधी तिचा नवरा या पंपावर होता, आणि त्याच्या आधी सासरे. नवरा आजारपणात गेला तेव्हा त्याच्या जागी तिला घेतलं. पहिल्या दिवशी मोटरचं बटण दाबताना तिने डोळे गच्च मिटून घेतले होते. पुढे पुढे मात्र तिचा कान इतका तयार झाला की नुसत्या आवाजावरून ती सांगे, आज बेअरिंग कुरकुरतंय, उद्या ग्रीस लागणार.

पंपघराच्या भिंतीवर एक नकाशा टांगलेला होता. त्यावर विहीर, उंचावरची टाकी, आणि टाकीतून निघणाऱ्या सहा लाइनी: बराकी, मेस, दवाखाना, क्वार्टर्स, गॅरेज, बगिचा. सहा लाइनींचे सहा व्हॉल्व्ह. पण वहिनी रोज उघडायची ते सात. सातवा व्हॉल्व्ह छावणीच्या मागच्या भिंतीला लागून, एका लोखंडी झाकणाखाली होता. तो उघडला की भिंतीपलीकडच्या चार गल्ल्यांना पाणी जायचं. सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास.

हा सातवा व्हॉल्व्ह तिच्या सासऱ्यांनी बसवलेला. साठेक वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात गल्लीची विहीर आटली आणि बाया घागरी घेऊन छावणीच्या फाटकाशी येऊन बसल्या. तेव्हाच्या मोठ्या साहेबांनी तोंडी हुकूम दिला, “भिंतीतून एक पाइप काढून द्या यांना.” सासऱ्यांनी चार माणसं घेऊन आठ दिवसांत पाइप टाकला. पुढे साहेबांची बदली झाली. पाइप राहिला. छावणीच्या कागदावर तो चढवायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, आणि पाणी येतंय म्हटल्यावर गल्लीतल्या कुणीही तो विषय काढला नाही.

छावणी बंद होणार, ही आवई दर दोन-तीन वर्षांनी उठायची. त्यामुळे या खेपेला ती उठली तेव्हाही कुणी मनावर घेतलं नाही. फाटकासमोर बेकरी होती. तिचे मालक म्हणजे वहिनीच्या नवऱ्याचे जुने दोस्त, बेकरीवाले भाऊजी. ते म्हणाले, “अहो वहिनी, माझ्या लग्नात पण कुणीतरी हेच सांगत होतं. पोराला पोरं झाली, छावणी आहे तिथेच.”

मग एका सोमवारी फाटकावर नोटीस लागली, तारखेसकट. त्या दिवशी भाऊजींनी नोटीस दोनदा वाचली, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचली आणि भट्टीपाशी जाऊन बसले. त्यांच्या भट्टीतून रोज चारशे पाव आत मेसला जात.

पहिल्यांदा गेली ती बायकापोरं. शाळेचं वर्ष संपलं तशी क्वार्टर्ससमोर ट्रक लागायला लागले. शिंप्याच्या दुकानात शिवून तयार असलेले तीन गणवेश न्यायला कुणी आलं नाही. न्हाव्याच्या खुर्च्या चारच्या दोन झाल्या. लाँड्रीवाल्या काकूंच्या ओट्यावर इस्त्रीच्या कपड्यांचे ढीग कमरेइतके असायचे, ते गुडघ्यावर आले. कुणी रडलं-भेकलं नाही. दुकानं उघडायची वेळ फक्त अर्ध्या तासाने पुढे गेली, मग एक तासाने.

वहिनीची लेक छावणीतच होती. जावई गाड्यांवर ड्रायव्हर. क्वार्टर पंपघरापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे नात दिवसातून चार वेळा आजीकडे यायची. त्यांचाही बदलीचा कागद आला. सामान बांधायला वहिनी दोन दिवस गेली. भांडी वर्तमानपत्रात गुंडाळताना लेक म्हणाली, “आई, तू पण चल. आजोबांनाही घेऊ. तिथे दोन खोल्या मिळतायत.”

“आणि पंप?”

“पंप बंद होणारच आहे ना गं.”

वहिनीने हातातलं पातेलं नीट गुंडाळलं, खोक्यात ठेवलं आणि म्हणाली, “बंद होईल तेव्हा बघू. आत्ता झाकण्या कुठल्या खोक्यात टाकल्यास ते लिहून ठेव, नाहीतर तिकडे गेल्यावर महिनाभर उघड्यावर दूध तापवशील.”

गाडी सुटली तेव्हा नातीने मागच्या काचेतून हात हलवला. वहिनीने हात हलवला, आणि संध्याकाळच्या पाण्याची वेळ झाली म्हणून परत फिरली. मोटर सुरू करून ती स्टुलावर बसली. त्या दिवशी मोटरने कसला आवाज केला ते तिला सांगता आलं नसतं.

खरं घोडं अडलं ते दीड महिन्याने. क्वार्टरमास्तर साहेबांनी तिला ऑफिसात बोलावलं. साहेब माणूस चांगला होता, पण गेले सहा महिने त्याच्या टेबलावर नुसत्या याद्या होत्या: खुर्च्या, पंखे, चादरी, कुलपं. आता पंपघराची पाळी होती. त्याने छापील कागद पुढे सरकवला.

“ताई, सही करा. पुढच्या महिन्याच्या शेवटाला मोटर बंद, व्हॉल्व्ह बंद, पंपघराला सील. तुमचा हिशोब ऑफिस चोख करेल, काळजी नको.”

वहिनीने कागद वाचला. ती प्रत्येक कागद वाचायची. मधे एक ओळ होती: ‘छावणीच्या हद्दीबाहेर पाण्याची जोडणी’. पुढे आधीच टाइप केलेलं होतं, ‘नाही’.

“साहेब, हे ‘नाही’ कुणी लिहिलं?”

“नकाशावरून लिहिलंय. नकाशात सहाच लाइनी आहेत.”

“आणि सातवी?”

 साहेब पेनचं टोपण काढत-लावत म्हणाला, “ताई, सातवी तुम्हाला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. कागदाला ठाऊक नाही. ते बरंच आहे. उगाच साठ वर्षांची चौकशी कशाला लावून घ्यायची? त्या लोकांना आता नगरपालिका देईल पाणी.”

“मी कागद उद्या आणून देते,” वहिनी म्हणाली.

घरी जायच्या आधी ती नगरपालिकेत गेली. पाणीखात्याच्या खिडकीतल्या माणसाने रजिस्टर उघडून गल्ल्यांची नावं बोटाने शोधली आणि मान हलवली. “यांना पाणी आहे. ‘छावणीकडून पुरवठा’ असं लिहिलंय. आमच्या योजनेत या गल्ल्या नाहीत.”

“छावणी बंद होतेय.”

“तसं छावणीने आम्हाला लेखी कळवायला हवं.”

“छावणी म्हणते, तिने कधी पाणी दिलंच नाही.”

खिडकीतला माणूस तिच्याकडे बघत राहिला. “मग आजवर पाणी कुठून येत होतं?”

वहिनीला हसू आलं. एकशे बारा घरांची तहान दोन रजिस्टरांच्या मधल्या फटीत पडली होती, आणि दोन्हीकडचे लोक कानांवर हात ठेवून मोकळे होते.

सासरे खाटेवर बसून रेडिओ ऐकत होते. वय ऐंशीच्या पुढचं. गुडघे गेलेले, पण जीभ शाबूत. सुनेने सगळं सांगितलं. त्यांनी रेडिओ बारीक केला.

“सही केलीस तर काय होईल?”

“माझे पैसे वेळेवर मिळतील आणि गल्लीचं पाणी जाईल.”

“आणि नाही केलीस तर?”

“पैसे अडकतील. चौकशी लागेल. पाणी राहीलच असंही नाही.”

म्हाताऱ्याने बराच विचार केला. मग म्हणाले, “चौकशी माझी होईल. पाइप मी टाकलाय. या वयात मला कुठे नेऊन ठेवणार? जेवायला घालतील ना तिथे?”

“बाबा, थट्टा नका करू.”

“थट्टा नाही गं. तू तुला वाटतं ते कर. फक्त ‘नाही’ लिहू नकोस. आठ दिवस खणलंय मी. हाताला फोड आले होते.”

दुसऱ्या दिवशी वहिनीने साहेबांच्या समोरच कागद टेबलावर ठेवला. ‘नाही’वर आडवी रेघ मारली आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं: ‘आहे. चार गल्ल्या, एकशे बारा घरं. सकाळ-संध्याकाळ एकेक तास. व्हॉल्व्ह मी स्वतः उघडते.’ खाली सही केली.

साहेबाने कपाळाला हात लावला. “ताई, काय केलंत हे? हे वर गेलं की मला दहा पत्रं लिहावी लागतील. तुमचा हिशोब अडकेल तो वेगळाच.”

“साहेब, तुम्ही महिन्याभरात जाल. वाईट नका वाटून घेऊ, पण तुम्हाला नवं गाव मिळेल. मला इथेच राहायचंय. रोज त्यांच्या दारावरून जायचंय. कुणी विचारलं, वहिनी, तुम्ही काय लिहून दिलंत, तर काय सांगू?”

 साहेबाने कागद फायलीत घातला. फाइल मात्र त्याने दाबून ठेवली नाही, त्याच दिवशी वर पाठवली. एवढं त्याच्या बाजूने सांगायलाच हवं.

पुढचे तीन आठवडे गल्लीत दुसरा विषय नव्हता. बातमी कशी फुटली कोण जाणे. काही लोक वहिनीला हात जोडायला लागले, काही नाराजही झाले. शिंपी म्हणाला, “झाकली मूठ होती ती उघडलीत. आता नगरपालिका पाणीपट्टी बसवेल.” वहिनी म्हणाली, “बसवू दे. पाणी आलं तरच पट्टी बसेल ना.” 

अखेर वरून उत्तर आलं. नगरपालिकेने ताबा घ्यायचा की नाही ते ठरेपर्यंत पंप चालू ठेवावा. आणि नगरपालिकेने पाहणीला एक इंजिनियर पाठवली. चोवीस-पंचवीसची मुलगी, खांद्याला पिशवी, हातात मोजपट्टी, बोलणं मोजकं. तिने सातवा व्हॉल्व्ह पाहिला, वाकून झाकण उचललं, प्रेशर बघितलं.

“इथपर्यंत ठीक. पुढे लाइन कुठून जाते? फाटे कुठे फुटतात? ते दाखवल्याशिवाय मला ताबा घ्या असं लिहिता येणार नाही. आमची माणसं अख्खी गल्ली खणत बसणार नाहीत.”

वहिनीला व्हॉल्व्हपर्यंतच माहिती होतं. पुढचं सगळं जमिनीखाली आणि सासऱ्यांच्या डोक्यात.

आता म्हाताऱ्याला आणायचं कसं? खाटेवरून दारापर्यंत यायलाच त्यांना पाव तास लागे. तेव्हा बेकरीवाले भाऊजी पुढे झाले. पावाची हातगाडी हल्ली रिकामीच उभी असायची. त्यांनी तीत गादी घातली, लोडासारखी मैद्याची रिकामी पोती गुंडाळून पाठीशी लावली आणि म्हाताऱ्याला उचलून आत बसवलं.

“पडणार नाही ना मी?” सासऱ्यांनी विचारलं.

“वीस वर्षांत एक पाव पडला नाही या गाडीतून,” भाऊजी म्हणाले आणि स्वतः गाडी ढकलायला लागले.

अशी ती वरात निघाली. पुढे मोजपट्टी घेतलेली इंजिनियर, मग हातगाडीत टोपी घालून बसलेले सासरे, बाजूला वहिनी, मागे कुदळ घेतलेले दोन मजूर आणि त्यांच्यामागे अर्धी गल्ली. लाँड्रीच्या समोर सासऱ्यांनी हात वर केला. “इथे. पहिला फाटा.”

मजुरांनी हातभर खणलं. काही नाही. अजून हातभर खणलं. माती, विटांचे तुकडे, एक गंजलेला चमचा. सासरे म्हणाले, “जरा डावीकडे.” डावीकडे खणलं, तिथेही काही नाही. इंजिनियरने घड्याळ बघितलं. मागची कुजबुज थांबली. म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. ते हळू आवाजात सुनेला म्हणाले, “मला पक्कं आठवतंय गं. रस्त्याच्या कडेपासून चार पावलं.”

लाँड्रीवाल्या काकू ओट्यावरून हे सगळं बघत होत्या. त्या म्हणाल्या, “रस्त्याची कड म्हणजे कुठली? मोठे ट्रक यायला लागले तेव्हा रस्ता रुंद केला ना छावणीने. माझा अर्धा ओटा गेलाय त्यात. तेव्हाची कड आत्ताच्या रस्त्याच्या मधोमध येते.”

सगळ्यांनी रस्त्याकडे बघितलं. सासऱ्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

“मग बाबा, दुसरी काही खूण?” वहिनीने विचारलं. “भिंत तर हलली नाही ना?”

“भिंत.” म्हाताऱ्याने डोळे मिटले. ओठांतल्या ओठांत आकडे मोजले. “भिंतीपासून चौदा पावलं. पण माझी पावलं. तेव्हाची.”

आता तेव्हाची पावलं कुठून आणायची? सासरे तरुणपणी उंच होते, लांब ढांगा टाकायचे. भाऊजी बुटके. मजूर म्हणाले आम्ही चालतो, पण ते चालताना वाकत. शेवटी सगळ्यांची नजर इंजिनियरवर गेली. ती सगळ्यांत उंच होती. ती क्षणभर संकोचली, मग पिशवी वहिनीच्या हातात देऊन भिंतीला टाच लावून उभी राहिली. सासरे गाडीतून सांगत होते, “मोठं टाक. अजून मोठं. मी बावीस वर्षांचा होतो, घाईत होतो.” ती हसली आणि मोठं टाकलं.

चौदाव्या पावलाला, रस्त्याच्या डांबराखाली, हातभर खोलीवर कुदळ लोखंडावर वाजली.

 म्हाताऱ्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. पुढचे तीन फाटे दुपारपर्यंत सापडले, एक अंगणात, एक चौकात आणि एक शिंप्याच्या दुकानाच्या पायरीखाली. पायरी फोडायची म्हटल्यावर शिंप्याने आधी नाक मुरडलं, मग स्वतःच कुदळ हातात घेतली. इंजिनियरने प्रत्येक जागेचं माप घेतलं, नकाशा काढला आणि खाली एका ओळीत लिहिलं, ‘माहिती: मूळ पाइप टाकणारे, प्रत्यक्ष हजर’. सासऱ्यांनी ती ओळ दोनदा वाचून घेतली.

छावणी ठरल्या दिवशी बंद झाली. सकाळी लहानशी कवायत झाली, झेंडा उतरला, आणि शेवटची गाडी गेली तेव्हा क्वार्टरमास्तर साहेबाने काच खाली करून वहिनीला नमस्कार केला. त्यानंतर दोन महिन्यांनी नगरपालिकेने विहीर, टाकी आणि पंपघर ताब्यात घेतलं. वहिनीला अकरा महिन्यांच्या करारावर ठेवलं. पगार आधीपेक्षा कमी, आणि जुना हिशोब मिळायला जवळजवळ वर्ष गेलं. नळाला पट्टी बसली. शिंप्याने ती भरताना कुरकुर केली, पण भरली.

पाणी राहिलं. माणसं मात्र थांबली नाहीत.

आधी एक तासात टाकी रिकामी व्हायची, वरच्या टोकाच्या घरांना शेवटच्या दहा मिनिटांत करंगळीएवढी धार मिळायची. आता तास संपला तरी टाकीत निम्मं पाणी उरू लागलं. वहिनी काचेच्या नळीतली पातळी बघून ताडायची, आज आणखी कुणीतरी गेलं. न्हावी गेला, शिंप्याचा भाऊ गेला, दुसऱ्या गल्लीतली पाच बिऱ्हाडं एकदम गेली. जी उरली त्यांच्या नळाला जोरात पाणी यायला लागलं. लाँड्रीवाल्या काकू म्हणाल्या, “आयुष्यभर म्हणत होते प्रेशर नाही, प्रेशर नाही. आता आलंय, तर धुवायला कपडे नाहीत.”

एका दुपारी भाऊजी पंपघरावर आले. स्टुलावर बसले, पाणी प्यायले, मोटरकडे बघत राहिले. वहिनीला त्यांच्या बसण्यावरूनच कळलं.

“कधी?” तिने विचारलं.

“महिनाअखेर. थोरल्याने तिकडे जागा बघितलीय. कारखाना आहे जवळ, तीन पाळ्या चालतात. पाव लागतो लोकांना.”

वहिनी चिडली. चिडायचा आपल्याला हक्क नाही हे कळत असूनही चिडली. “मग हातगाडी ढकलत कशाला फिरलात? एवढी पायपीट कुणासाठी केली? पाणी आणून ठेवलं आणि आता तुम्हीच चाललात.”

भाऊजींनी शांतपणे ऐकून घेतलं. “वहिनी, पाणी नसतं तर आम्ही त्याच महिन्यात पळालो असतो, सामान फेकून. आता निवांत चाललोय. जागा विकली जातेय, कारण नळ आहे. घेणारा इथे गोदाम करणार म्हणतो. पाण्याने मला गिऱ्हाईक नाही आणलं, खरंय. पण नीट निघता येतंय. हेही थोडं नाही.”

 वहिनीने चहा ठेवला. दोघांनी तो बाहेर पायरीवर बसून घेतला. समोर रिकाम्या बराकींची रांग होती आणि मेसच्या छपरावर गवत उगवलं होतं. भाऊजी नवऱ्याच्या जुन्या गोष्टी सांगत बसले, त्यातल्या दोन वहिनीने कधी ऐकल्या नव्हत्या.

त्या संध्याकाळी लेकीचा फोन आला. “आई, आता तरी ये ना. काय उरलंय तिथे?”

“एकसष्ट घरं,” वहिनी म्हणाली. “सुट्टीत तू ये. पोरीला घेऊन ये. आजोबा विचारतात सारखे.”

“करार संपला की?”

“संपला की बघू. इंजिनियर मॅडम म्हणत होत्या, वाढवतील. नाही वाढवला तर तुझ्याकडे येईन आणि तुझ्या झाकण्या शोधून देईन.” लेक हसली, आणि मग दोघी नातीच्या दातांबद्दल बोलत राहिल्या.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी भाऊजींनी गल्लीतूनच हाक मारली. ट्रक भरून उभा होता. भट्टी विझून आठवडा झाला होता. “वहिनी, आज जरा जास्त वेळ सोडता का? जमीन धुवून द्यायची आहे. तीस वर्षांचं पीठ आहे कोपऱ्याकोपऱ्यात. असं कुणाच्या ताब्यात द्यायला बरं नाही वाटत.”

वहिनीने सातवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. नंतर पदर खोचून, खराटा घेऊन तीही बेकरीत गेली. नळाला लावलेल्या पाइपातून पाण्याचा लोट जमिनीवर पडत होता. आधी पाणी पांढरं निघालं, मग राखाडी, मग भट्टीच्या तोंडापासून काळं. भाऊजी खराट्याने ढकलत होते, त्यांची बायको पोतेऱ्याने पुसत होती, वहिनी कोपरे घासत होती. मधेच लाँड्रीवाल्या काकू आल्या आणि काही न विचारता पोतेरी पिळायला बसल्या. तास उलटून गेला. कुणी घड्याळ बघितलं नाही.

फरशी स्वच्छ निघाली तेव्हा खाली निळसर दगड दिसला. भाऊजी म्हणाले, “अरेच्चा, ही निळी आहे होय. मला वाटायचं करडी.” त्यांनी ओल्या पायांनी दारापर्यंत जाऊन एकदा मागे बघितलं, किल्ली वहिनीच्या हातात दिली, दुपारी घेणारा माणूस येईल म्हणाले, आणि ट्रकमध्ये चढले.

वहिनीने दार उघडंच ठेवलं, फरशी वाळायला. मग ती व्हॉल्व्ह बंद करायला निघाली.